१०,००० फुटांखाली २५० नॉट : वाचकांचे प्रश्न

ह्यावेळी विमानाच्या स्पीडबद्दल सांगली-साताऱ्याकडून बरेच प्रश्न आलेत, त्यातले सहा घेतोय. पहिल्या दोन प्रश्नांना उत्तर मोठं दिलंय कारण बाकीच्यांचं मूळ त्यातच आहे, त्यामुळे ते दोन आधी वाचा.

प्रश्न : आमचा मुलगा कोल्हापूरहून मुंबईला विमानाने ये-जा करतो. तो निघाला की मी मोबाईलवर ट्रॅकिंगचं अ‍ॅप लावून बसतो. मुंबई अजून ५०-६० किलोमीटर लांब असते तेव्हाच विमानाचा स्पीड कमी व्हायला लागतो, एवढ्या लांबून कशासाठी? आणि एका ओळखीच्या माणसाने सांगितलं की १०,००० फुटांखाली २५० नॉटच्या वर जायचं नाही असा नियम आहे, पण मी ९,००० फुटांवर ३१० बघितलंय. मग पायलटने नियम मोडला का?
एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : आधी तुमची काळजी मिटवतो काका. ह्या आकड्यावरून पायलटने नियम मोडला असं अजिबात म्हणता येत नाही. अ‍ॅपवर तुम्हाला दिसतो तो ग्राउंड स्पीड, म्हणजे जमिनीच्या हिशोबाने विमान किती वेगात पुढे सरकतंय ते. नियम आहे तो इंडिकेटेड एअरस्पीडचा, पायलटच्या समोर दिसतो त्या स्पीडचा. विमानाच्या नाकाजवळ पिटो ट्यूब नावाची नळी असते, समोरून येणाऱ्या हवेचा तिच्यात जो दाब तयार होतो त्यावरून हा स्पीड काढतात. आता वर हवा विरळ असते, म्हणून तेवढाच दाब तयार व्हायला विमानाला प्रत्यक्षात जास्त जोरात जावं लागतं. १०,००० फुटांवर पायलटला २५० दिसत असेल तर हवेतला खरा स्पीड २९० नॉटच्या आसपास असतो, आपल्याकडच्या गरम हवेत अजून थोडा जास्तच, त्यात पाठीमागून वीसेक नॉटचा वारा मिळाला की अ‍ॅपवर ३१० दिसणारच आणि पायलट मात्र नियमात बसलेला असतो. पावसाळ्यात तर मुद्दाम बघा, त्या दिवसांत ह्या उंचीवर पश्चिमेचा वारा जोरात असतो, तेव्हा मुंबईहून पूर्वेकडे निघालेल्या विमानाचे आकडे फुगलेले दिसतील आणि उलट दिशेने येणाऱ्याचे बसलेले.

नियमात इंडिकेटेड स्पीडच का धरला, तर पंखाला तोच कळतो. विमान हवेत टिकणार का, पंखाच्या मागच्या कडेचे फ्लॅप उघडले तर ते सहन करतील का, हे सगळं त्याच आकड्यावर ठरतं, आणि पायलटच्या डोळ्यासमोर सतत तोच असतो. एक नॉट म्हणजे ताशी एक नॉटिकल मैल, म्हणजेच १.८५२ किलोमीटर, म्हणजे २५० नॉट ताशी ४६३ किलोमीटर झाले.

आता मर्यादा मुळात का आली ते सांगतो, कारण तो भाग फार महत्त्वाचा आहे आणि लोकांना माहीत नसतो. १६ डिसेंबर १९६० ला न्यूयॉर्कवर दोन प्रवासी विमानं धडकली, एक युनायटेडचं डीसी-८ जेट आणि दुसरं टीडब्ल्यूएचं सुपर कॉन्स्टलेशन. जेटला एका ठरावीक जागेवर घिरट्या घालत थांबायचं होतं पण ते ती जागा ओलांडून पुढे गेलं, त्याचा एक नेव्हिगेशन रिसीव्हर बंद पडलेला होता, आणि त्यावेळी त्याचा स्पीड ३०० नॉटच्या आसपास होता. दोन्ही विमानांतली सगळी माणसं आणि ब्रुकलिनमध्ये जमिनीवरची सहा, मिळून १३४ जणांचा जीव गेला. प्रोपेलरच्या विमानांच्या काळात बसवलेली व्यवस्था, तिच्यात जेट आली होती आणि तेवढ्या स्पीडला चूक सुधारायला वेळच उरत नव्हता. पुढच्याच वर्षी अमेरिकेत नियम आला की उतरायच्या विमानतळापासून ३० नॉटिकल मैलांच्या आत आणि १०,००० फुटांच्या खाली २५० नॉटच्या वर जायचं नाही, आणि १९६७ मध्ये तोच नियम १०,००० फुटांखाली सगळीकडे लागू केला.

आकडेमोड करून बघा म्हणजे पटेल. दोन विमानं २५० नॉटने समोरासमोर येतायत, तर त्यांच्यातलं अंतर दर सेकंदाला साधारण २५७ मीटरने कमी होतं. आकाशात एक ठिपका दिसला, ते विमान आहे हे कळलं, आपल्याच अंगावर येतंय हे कळलं, कुठे वळायचं ठरवलं, हाताने वळवलं आणि विमान खरोखर वळलं, ह्या सगळ्याला मिळून अमेरिकेची विमानवाहतुकीची सरकारी यंत्रणा एफएए १२.५ सेकंद धरते. तेवढ्या वेळात सव्वातीन किलोमीटर संपले. दोघंही ३५० ने येत असतील तर साडेचार किलोमीटर संपतात, आणि साडेचार किलोमीटरवरचं छोटं विमान धुरकट हवेत नजरेला पडेल ह्याची खात्री कोण देणार? वळण्याचंही तसंच आहे, वळणाचा घेर स्पीडच्या वर्गाने वाढतो. २५ अंश कलून वळायचं तर २५० नॉटला घेराची त्रिज्या साधारण ३.६ किलोमीटर येते आणि ३०० ला ५.२. स्पीड वाढवला फक्त ५० ने पण लागणारी जागा जवळपास दीडपट झाली. पक्षी आदळला तरी धक्क्याची ऊर्जा अशीच वर्गाने वाढते, आणि पक्षी तर बहुतेक खालच्या हवेतच असतात.

मग मुंबईजवळ २५० च्याही खाली का आणतात? तिथे दोन रनवे आहेत पण ते एकमेकांना छेदतात, त्यामुळे एकावेळी एकच चालतो आणि त्या एकट्यावर तासाला चाळीसहून जास्त विमानं उतरवायची-उडवायची असतात, म्हणजे दर दीड मिनिटाच्या आत एक. उतरणाऱ्या दोन विमानांत रडारवर निदान ३ नॉटिकल मैल अंतर लागतं, पुढे मोठं जड विमान आणि मागे मध्यम असेल तर ५, कारण मोठ्याच्या पंखामागे हवेचे भोवरे राहतात. आता समजा पुढचं १८० ने चाललंय आणि मागचं २२० ने, तर दर दीड मिनिटाला एक मैल खाल्ला जातो आणि साडेचार मिनिटांत तीनही मैल संपले. म्हणून जमिनीवरून विमानांना सूचना देणारा कंट्रोलर सगळ्यांना बऱ्याच आधीपासून एकसारख्या स्पीडवर आणत राहतो. लंडनच्या हीथ्रोला तर हे छापूनच दिलंय, सुरुवातीला २२०, रनवेच्या रेषेकडे वळताना १८०, आणि रेषेवर आल्यावर १६०, ते रनवे ४ मैलांवर येईपर्यंत. मुंबईत पण स्पीड असाच टप्प्याटप्प्याने खाली आणतात. शेवटच्या ४ मैलांत मात्र पायलटला स्पीड सांगायचा नाही असा संकेत आहे कारण तेव्हा त्याला विमान उतरायच्या स्पीडवर शांतपणे बसवायचं असतं, एअरबस ए-३२० असेल तर १३०-१४० नॉट.

आणि ह्यात वेळ किती जातो म्हणाल तर १०,००० फुटांवरून खाली येताना साधारण ३० नॉटिकल मैल कापले जातात, ते ३०० ने गेलं तर ६ मिनिटं आणि २५० ने गेलं तर ७ मिनिटं १२ सेकंद. सव्वा मिनिटाच्या बदल्यात सगळ्यांना विचार करायला वेळ मिळतो. माझ्या मते विमानवाहतुकीत एवढ्या स्वस्तात मिळालेली सुरक्षितता दुसरी नसेल.

प्रश्न : सर मी बारावी सायन्सला आहे, पायलट व्हायचंय. अमेरिकन पायलट लोकांचे व्हिडिओ बघतो त्यात कधी २५० ची लिमिट म्हणतात कधी २०० ची. क्लास बी च्या आत २५० चालतं आणि त्याच्या खाली बाहेरच्या बाजूला २००, हे उलटं नाही का? गर्दी तर आत जास्त असते. आणि एटीसीने स्वतःच फास्ट जायला सांगितलं तर? आपल्याकडे पण असंच आहे का?
विद्यार्थी, कराड

उत्तर : तुझा प्रश्न मला फार आवडला, कारण आकडे पाठ करणारे खूप भेटतात पण उलटं का आहे हे विचारणारे कमी.

आधी अमेरिकेचं पूर्ण सांगतो. १०,००० फुटांखाली सगळ्यांना २५०. क्लास म्हणजे हवाई हद्दीचा वर्ग, त्यातल्या क्लास सी किंवा डी च्या मुख्य विमानतळापासून ४ नॉटिकल मैलांच्या आत आणि जमिनीपासून २,५०० फुटांपर्यंत २००, इथे एटीसी, म्हणजे कंट्रोलरची यंत्रणा, परवानगी देऊन जास्त स्पीड देऊ शकते. क्लास बी म्हणजे न्यूयॉर्क, अटलांटा, लॉस एंजेलिस असल्या सगळ्यात गर्दीच्या विमानतळांभोवतीची हद्द, विमानतळाजवळ ती जमिनीपासून सुरू होते आणि जसजसं लांब जाशील तसतशी तिची खालची पातळी वर वर जाते. त्या खालच्या पातळीच्या आणि जमिनीच्या मधे जी जागा उरते तिथे २००, आणि क्लास बी मधून छोट्या विमानांसाठी आरपार वाट ठेवली असेल तर त्या वाटेवरही २००, आणि ह्या दोन्ही ठिकाणी एटीसीला सूट देता येत नाही.

आता उलटं का ते बघ. क्लास बी च्या आत परवानगीशिवाय कोणी शिरत नाही आणि आत असलेल्या प्रत्येक विमानाला कंट्रोलर दुसऱ्यापासून लांब ठेवतो. बाहेर खाली मात्र ज्यांना परवानगी घ्यायची नाही ती सगळी छोटी विमानं त्या चिंचोळ्या जागेत गोळा होतात, शिकाऊ पोरं असतात, हेलिकॉप्टर असतात, आणि त्यातल्या बऱ्याच जणांशी कंट्रोलर बोलत पण नसतो. तिथे एकमेकांना चुकवायचं ते डोळ्यांनी बघून, म्हणून स्पीड तिथे जास्त कमी. म्हणजे गर्दी किती आहे ह्यापेक्षा त्या गर्दीवर कोणाचं लक्ष आहे ह्यावर मर्यादा ठरते. हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचे नियम आपोआप लक्षात राहतात.

आयसीएओ ह्या संयुक्त राष्ट्रांच्या विमानवाहतूक संस्थेचा जागतिक तक्ता पण ह्याच विचाराचा आहे. क्लास ए आणि बी मध्ये सगळ्यांना सगळ्यांपासून वेगळं ठेवतात, तिथे स्पीडची मर्यादाच नाही. क्लास सी मध्ये इन्स्ट्रुमेंटवर उडणाऱ्यांना नाही पण नजरेने उडणाऱ्यांना आहे. डी पासून खाली जी पर्यंत सगळ्यांनाच १०,००० फुटांखाली २५०. आपल्या देशात हवाई क्षेत्र डी, ई, एफ, जी एवढ्याच वर्गांत वाटलंय, म्हणून भारतात १०,००० फुटांखाली २५० हेच धरून चालायचं, आणि त्याच्या खालचे आकडे त्या त्या विमानतळाच्या चार्टवर दिलेले असतात किंवा कंट्रोलर सांगतो. २०० चा अमेरिकन नियम इथे लावू नकोस, एअर रेग्युलेशनच्या पेपरला पोरं तिथे हमखास गोंधळतात.

एटीसीने फास्ट सांगितलं तर काय, ह्याचं उत्तर देशाप्रमाणे बदलतं. अमेरिकेत कंट्रोलर २५० ची मर्यादा उठवूच शकत नाही, त्याने २८० ठेव म्हणून सांगितलं आणि मग १०,००० च्या खाली उतरवलं तरी पायलटने आपणहून २५० वर यायचं असतं. ब्रिटनमध्ये कंट्रोल्ड एअरस्पेसमध्ये, म्हणजे कंट्रोलरच्या ताब्यातल्या हद्दीत, कंट्रोलर ती उठवू शकतो. म्हणून ज्या देशात उडायचं त्या देशाचं एआयपी, म्हणजे हवाई नियमांचं सरकारी पुस्तक, आधी वाचायचं, आणि शंका आली तर रेडिओवर सरळ विचारायचं, त्यात कमीपणा काही नाही.

अजून एक अपवाद आहे तो लिहून ठेव. विमान इतकं जड असेल की २५० ला फ्लॅप न उघडता सुरक्षित उडूच शकत नाही, लांबच्या प्रवासाला निघालेलं पूर्ण भरलेलं बोईंग ७७७ धर, तर अमेरिकेच्या नियमात त्याला त्याचा किमान सुरक्षित स्पीड ठेवायची मुभा आहे, मग तो २५० च्या वर गेला तरी चालतो. मर्यादा पाळायची म्हणून विमान पडायच्या स्पीडजवळ न्यायचं नसतं.

आणि तू कराडचाच आहेस म्हणून सांगतो. आपली धावपट्टी कोयना धरणाच्या कामासाठी १९५० च्या दशकात बांधली, तिच्यावरून तू ट्रेनिंगची छोटी विमानं बघत असशील. सेसना १७२ सारखं विमान साधारण १२० नॉटने जातं, २५० ला ते कधी पोचणारच नाही. तरी हा नियम सगळ्यात जास्त उपयोगाचा त्याच विमानातल्या पोराला आहे, कारण त्याच्या मागून येणारं मोठं विमान त्याला दिसत नाही.

प्रश्न : मी पहिल्यांदाच विमानात बसले होते. उतरायच्या बऱ्याच आधी इंजिनचा आवाज एकदम गेल्यासारखा झाला, विमान जागेवर थांबलंय की काय असं वाटलं, पुढे पंखावर काहीतरी उघडलं आणि सगळं थरथरायला लागलं. मी फार घाबरले होते. असं का होतं?
एक ताई, सदरबझार, सातारा

उत्तर : ताई, तुम्ही सांगताय तो क्रम अगदी बरोबर चाललेल्या विमानाचा आहे, आणि पहिल्यांदा असं झालं की कोणालाही भीती वाटेल. जेट विमानाचं अंग इतकं गुळगुळीत असतं की नाक खाली असताना ते स्पीड सोडायलाच तयार नसतं, एकाच वेळी खालीही यायचं आणि हळूही व्हायचं हे त्याला जमत नाही. म्हणून पायलट किंवा ऑटोपायलट १०,००० फुटांच्या आसपास उतरणं थोडं कमी करतो, विमान जवळजवळ सरळ होतं, इंजिन अगदी कमीवर असतात आणि स्पीड हळूहळू २५० पर्यंत येतो. आवाज गेल्यासारखा वाटला तो ह्याच वेळी. इंजिन चालूच असतात. स्पीड घटताना शरीर किंचित पुढे झुकतं त्यामुळे थांबल्याचा भास होतो, प्रत्यक्षात तेव्हाही विमान ताशी साडेचारशे किलोमीटरच्या वरच असतं.

पंखाच्या वरच्या बाजूला फळ्या उभ्या राहिल्या असतील तर ते स्पीडब्रेक, त्यांनी हवा अडते आणि थरथर होते. पंखाच्या मागच्या कडेने काही बाहेर सरकलं असेल तर ते फ्लॅप, त्यांच्यामुळे कमी स्पीडला पण विमान उचललेलं राहतं. फ्लॅपला स्वतःची मर्यादा असते, ए-३२० मध्ये पहिला टप्पा २३० नॉटच्या वर उघडायचा नाही. म्हणून आधी स्पीड कमी, मग फ्लॅप, असाच क्रम लागतो. पुढच्या वेळी खिडकीजवळ पंखाच्या मागे सीट मिळाली तर हे सगळं नीट बघा, काय चाललंय ते कळलं की भीती बरीच जाते.

प्रश्न : आमच्याकडून कधीकधी लढाऊ विमानं प्रचंड आवाज करत जातात. त्यांना ही मर्यादा नाही का?
एक वाचक, वाई

उत्तर : पुण्याचं लोहगाव हे हवाई दलाचं स्टेशन आहे, सुखोई-३० तिथे असतात, आणि प्रवासी विमानं त्याच रनवेवर उतरतात, तिथलं एटीसी पण हवाई दलच चालवतं. लढाऊ विमान कमी स्पीडला जड होतं, शिवाय त्याचं काम वेगळं, म्हणून लष्करी उड्डाणांना बहुतेक देशांत वेगळे नियम असतात आणि त्यांच्यासाठी वेगळी जागा आणि वेळ राखून ठेवतात. प्रवासी विमानांच्या मार्गाजवळ आलं की दोघांचा मेळ घालणं हे कंट्रोलरचं काम. आवाजावरून स्पीडचा अंदाज बांधू नका, इंजिनचा जोर लावला की कमी स्पीडला पण तेवढाच आवाज येतो.

प्रश्न : पुणे-बंगळूर हायवेवर जरा स्पीड वाढला की मोबाईलवर चलन येतं, वर विमानाला कोण पकडतं?
एक वाचक, इस्लामपूर

उत्तर : पकडणारा विमानातच बसवलेला असतो. प्रत्येक प्रवासी विमान आपला स्पीड, उंची, फ्लॅप आणि शेकडो गोष्टी सतत नोंदवत राहतं, कंपनीला ती नोंद उड्डाणांनंतर तपासावी लागते आणि भारताच्या विमानवाहतूक महासंचालनालयाचा, म्हणजे डीजीसीएचा, तसा नियमच आहे. १०,००० खाली २५० ओलांडलं की ते उड्डाण आपोआप वेगळं निघतं आणि का झालं ते पायलटला विचारलं जातं. ह्या तपासणीत पहिला हेतू शिक्षेचा नसतो, एकाच विमानतळावर एकाच वळणावर बऱ्याच जणांचा स्पीड वाढलेला दिसला तर चूक त्या मार्गाच्या आखणीत पण असू शकते, आणि ते असंच कळतं. शिवाय आधुनिक रडारवर कंट्रोलरला विमानाचा इंडिकेटेड स्पीड पण दिसू शकतो, अ‍ॅपवाला नाही, खरा पायलटसमोरचा.

आणि सगळं चुकलंच तर धडक टाळायला विमानातच बसवलेलं टीकॅस नावाचं यंत्र आहे. १२ नोव्हेंबर १९९६ ला हरियाणात चरखी दादरीवर सौदीचं बोईंग ७४७ आणि कझाकस्तानचं इल्युशिन-७६ धडकलं, ३४९ माणसं गेली. तिथे कारण स्पीड नव्हतं, कझाक विमान नेमून दिलेल्या १५,००० फुटांच्या खाली उतरलं होतं. त्यानंतर भारताने हे यंत्र सक्तीचं केलं. टीकॅस धोका मोजतं ते किती सेकंदांत भेट होईल ह्यावर, पायलटला वर जा किंवा खाली जा असा हुकूम साधारण १५ ते ३५ सेकंद आधी मिळतो. 

प्रश्न : कवलापूरला विमानतळ झाला तर कोल्हापूर इतकं जवळ असताना विमानं एकमेकांच्या वाटेत येणार नाहीत का?
एक वाचक, बुधगाव

उत्तर : येतील, पण त्याची सोय करता येते. सांगलीजवळच्या कवलापूरची जुनी धावपट्टी आणि उजळाईवाडीचा कोल्हापूर विमानतळ ह्यांच्यात सरळ रेषेत जेमतेम ४०-४५ किलोमीटर असतील, २५० नॉटला सहा मिनिटांच्या आतला रस्ता. म्हणजे कोल्हापूरला उतरायला निघालेलं विमान आणि कवलापूरहून उडालेलं विमान एकाच उंचीच्या पट्ट्यात असणार. अशा वेळी दोन्हीकडचे चढायचे-उतरायचे मार्ग वेगळे आखतात, कोणी किती उंचीवर थांबायचं ते ठरवतात आणि मार्गावरच्या ठरावीक जागांवर स्पीड बांधून देतात, म्हणजे अमुक पॉइंटला २१० च्या वर नको असं चार्टवरच छापलेलं असतं. मुंबई आणि नवी मुंबई ह्यांच्यात अंतर ह्याहूनही कमी आहे आणि वाहतूक कितीतरी जास्त, तिथेही मार्ग आणि उंच्या वाटूनच दोन्ही चालवावे लागतात. विमानतळ व्हावा ही आपल्या भागाची मागणी रास्तच आहे, फक्त धावपट्टीची लांबी आणि जमीन ह्यावर जेवढं बोललं जातं तेवढंच ह्या वरच्या आखणीवर पण आत्तापासून बोलायला हवं, कारण रडारचं कव्हरेज, कंट्रोलरची नेमणूक आणि दोन टॉवरमधला करार ह्याला इमारतीपेक्षा कमी वेळ लागत नाही.